डबा रिकामा होत होता, गोळ्या पोटात जात नव्हत्या : एक प्रकरण अभ्यास

हे एका विशिष्ट रुग्णाचं हुबेहूब वर्णन नाही. वृद्धांच्या वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणि एका मुक्कामात बसवून हे प्रकरण मांडलं आहे. यात कुणीही बेफिकीर नाही, कुणी मुद्दाम खोटं बोललेलं नाही, उपचारही पुस्तकाप्रमाणेच झाले. तरी रुग्णाची प्रकृती रुग्णालयात येऊन बिघडली. म्हणूनच ते तपासण्यासारखं आहे.

रुग्ण आणि घर

७९ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, विषय गणित. पती हयात नाहीत. मुलगा-सुनेकडे राहतात, मुलगी दुसऱ्या शहरात असते आणि रोज फोन करते. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेली, जोडीला रक्तदाब आणि गुडघेदुखी. दोन्ही कानांना मशीन. बुद्धी तल्लख, स्वभाव करारी.

पायांना सूज आणि धाप यासाठी त्यांना फ्युरोसेमाइड, म्हणजे घरोघरी जिला ‘लघवीची गोळी’ म्हणतात ती, ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली होती. कागदावर लिहिलं होतं : १-०-१. लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात सकाळ आणि दुपारचे दोन होते. घरच्यांनी वाचलं सकाळ आणि रात्र. या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा ते आठ तास टिकतो. रात्री नऊला घेतली, तर पहाटे तीनपर्यंत बाथरूमच्या खेपा आल्याच.

दोन महिन्यांत सूज हटेना. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?” उत्तर मुलाने दिलं, “हो डॉक्टर, डबा मी स्वतः भरतो. एकही चुकत नाही.” बाईंचे ओठ हलले होते, पण तोवर डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. डोस दुप्पट झाला.

मुलगा खरंच डबा भरत होता. आठवड्याच्या शेवटी डबा रिकामाही होत होता. आई रात्रीची गोळी काढून उशीखालच्या रुमालात बांधते आणि सकाळी कचऱ्यात टाकते, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. ‘डबा रिकामा’ म्हणजे ‘गोळी घेतली’ असा अर्थ त्याने लावला, डॉक्टरांनीही तोच लावला.

वृद्ध रुग्णाबरोबर आलेला माणूस किती उपयोगी असतो हे वेगळं सांगायला नको. तारखा त्याला आठवतात, रिपोर्ट त्याच्या पिशवीत असतात, तो पटापट बोलतो. पण तपासणीच्या खोलीत तीन माणसं असली की संभाषण दोघांचंच होतं, आणि त्या दोघांत रुग्ण क्वचितच असतो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. ज्यांना वाक्य जुळवायलाच थोडा वेळ लागतो आणि ज्यांच्या शेजारी तत्पर मुलगा बसलेला असतो, त्यांच्या वाट्याला किती सेकंद येत असतील याचा अंदाज करावा.

भरती

डोस वाढवूनही धाप वाढली, तेव्हा बाईंना भरती केलं. अशा वेळी लघवीचं औषध शिरेतून दिलं जातं आणि त्याचा डोस घरी चालू असलेल्या डोसाच्या हिशेबाने ठरतो. केसपेपरवर घरचा डोस होता दिवसाला १६० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात बाई दिवसाला एखादी गोळी घेत होत्या, कुठे बाहेर जायचं असेल त्या दिवशी तीही नाही. म्हणजे औषधाला दाद न देणारं शरीर समजून जो डोस लावला, तो त्या औषधाची फारशी सवय नसलेल्या शरीरात गेला. शिवाय घरी न घेतलेल्या रक्तदाबाच्या एक-दोन गोळ्याही इथे सिस्टरांच्या हातून चोख पोटात जाऊ लागल्या.

सूज झपाट्याने उतरली. तिसऱ्या दिवशी वजन पाच किलोंनी कमी, रक्तदाब ९२/५४, रक्तातलं सोडियम घसरून १२६, आणि किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन जवळपास दुप्पट. त्या संध्याकाळपासून बाई गप्प झाल्या.

सकाळच्या राउंडला निवासी डॉक्टरांनी पायथ्याशी उभं राहून मोठ्याने विचारलं, “आजी, बरं वाटतंय ना?” बाईंनी मान हलवली. नोंद झाली : रुग्ण शांत, तक्रार नाही.

कानाची मशीन हरवतील म्हणून घरी ठेवली होती. चष्मा लॉकरच्या खणात. वाढत्या वयातला बहिरेपणा आवाज नुसता लहान करत नाही. त्यात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली. ‘सात’मधला स गळला तर कानावर उरतं ‘आत’, आणि माणूस त्याचा अंदाजाने ‘आठ’ करतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी नाहीत; उलट आवाज फाटल्यासारखा वाटतो. मग माणूस वाद नको म्हणून मान डोलावतो. वॉर्डात होकारार्थी मानेइतकी फसवी नोंद दुसरी नसेल.

सुनेने मात्र ओळखलं. ती सिस्टरांना म्हणाली, “आईंना काहीतरी झालंय. त्या अशा नसतात. मी पाणी दिलं तर ग्लासकडे नुसत्या बघत राहिल्या.” उत्तर मिळालं, “रात्री झोप नाही झाली, गुंगीत असतील. वयोमानाने होतं असं.”

हा डिलिरियम होता : आजारपणात अचानक येणारा, चढउतार होणारा संभ्रम. सलाइनच्या नळ्या ओढणारा, ओरडणारा रुग्ण लगेच डोळ्यांत भरतो. गप्प पडून राहणारा सुटतो, आणि वृद्धांमध्ये हा गप्प प्रकारच अधिक निसटतो. शेरॉन इनोये यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘कन्फ्युजन असेसमेंट मेथड’ ही तपासणी काही मिनिटांत होते. तिचा पहिलाच प्रश्न असतो, की बदल अचानक झाला का आणि तो कमी-जास्त होतो का. ज्याने रुग्णाला काल पाहिलेलं नाही, त्याला याचं उत्तर देता येत नाही. सुनेचं ‘त्या अशा नसतात’ हे वाक्य म्हणजे त्या तपासणीचं अर्धं उत्तर होतं. ते काळजी म्हणून ऐकलं गेलं, माहिती म्हणून नाही.

एका घरात तीन बातम्या

चौथ्या दिवशी मुलाला निवासी डॉक्टरांनी सांगितलं, “सोडियम कमी झालंय, भरून काढू.” मुलीला वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, “किडनीवर ताण आलाय, बघतोय.” सुनेला सांगितलं गेलं होतं वयोमानाचं. तिन्ही विधानांना आधार होता आणि तिन्ही एकाच साखळीचे दुवे होते. पण रात्री तिघांनी फोनवर ताडून पाहिलं तेव्हा निष्कर्ष निघाला : किडनी गेली आणि आपल्यापासून लपवताहेत.

सकाळी मुलगी फोनवर चढ्या आवाजात होती, मुलगा तिच्यावर वैतागला होता आणि सिस्टर दोघांना टाळत होत्या. त्यातच मुलाने वरिष्ठांना बाजूला घेऊन विनंती केली, “आईला हृदयाचं काही सांगू नका. ती खचेल.”

या विनंतीवर डॉक्टर सहसा दोनपैकी एक करतात : मान्य करून मोकळे होतात, किंवा रुग्णाचा हक्क सांगून मुलाला गप्प करतात. दोन्ही उत्तरं घाईची. इथे ज्येष्ठांच्या विभागातल्या डॉक्टरांना बोलावलं होतं, त्यांनी विचारलं, “सांगितल्यावर काय होईल अशी भीती वाटते तुम्हाला?” मुलगा थोडा थांबून म्हणाला, वडिलांना सांगितलं होतं, त्यानंतर त्यांनी जेवण सोडलं होतं. म्हणजे विनंती आईबद्दल होती, पण तिच्यामागे वडिलांचं आजारपण उभं होतं. डॉक्टर म्हणाल्या, “मी आपणहून काही लादणार नाही. त्यांना किती जाणून घ्यायचंय हे मी त्यांनाच विचारेन आणि त्या विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. चालेल?” हे त्याला पटलं. खोटं बोलायचं वचन त्याने मागितलेलंच नव्हतं.

दार लोटून घेतलेली दहा मिनिटं

आधी औषधं दुरुस्त झाली. लघवीचं इंजेक्शन थांबलं, रक्तदाबाच्या गोळ्या कमी झाल्या, सोडियम घाई न करता वर आणलं. कानाची मशीन आणि चष्मा घरून आले. दिवसा पडदे उघडे, रात्री विनाकारण उठवणं बंद. या साध्या गोष्टींना आधार आहे : १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात दृष्टी, ऐकणं, झोप, हालचाल, पाणी आणि भान यांकडे लक्ष दिलेल्या गटात डिलिरियमचं प्रमाण ९.९ टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५ टक्के. एक मात्र लक्षात ठेवावं. हा फायदा टाळण्याचा होता. एकदा आलेला संभ्रम यांनी तितकासा आवरत नाही. इथे तो ओसरला तो मुख्यतः कारण दूर झाल्यामुळे.

दोन दिवसांनी बाई ताळ्यावर आल्या. डॉक्टरांनी मुद्दाम सकाळची वेळ निवडली. मुलाला म्हणाल्या, “मी सगळ्याच रुग्णांशी थोडा वेळ एकटीने बोलते, तुम्ही चहा घेऊन या.” ‘सगळ्याच’ हा शब्द महत्त्वाचा; त्यात मुलावर अविश्वास राहत नाही. खुर्ची ओढून त्या उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर पडेल अशा बसल्या. खिडकीकडे पाठ केली तर ओठ दिसत नाहीत आणि मशीन लावूनही निम्मं बोलणं ओठांवरूनच कळतं अशी माणसं असतात.

“तुम्हाला काय म्हणू? सगळे आजी म्हणताहेत.”

“बाई म्हणा. चाळीस वर्षं तेच ऐकलंय.”

“बाई, या लघवीच्या गोळ्या रोजच्या रोज घेणं बऱ्याच जणांना जमत नाही. तुमचं कसं चालतं?”

प्रश्नाची घडण पाहावी. ‘घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’ हे एकच उत्तर शोभतं. इथे ‘जमत नाही’ हे आधीच सामान्य ठरवलं आणि मग विचारलं. डॉक्टर पुढे काही बोलल्या नाहीत. जरा वेळ शांततेत गेला आणि मग बाईंनी सगळं सांगितलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय घसरून त्या पडल्या होत्या. लागलं नव्हतं फारसं. पण घरात कळलं असतं, तर रात्रीची बाई ठेवली असती आणि एकटीने बाहेर पडणं बंद झालं असतं. म्हणून रात्रीची गोळी बंद. शेजारच्या मुलांना गणित शिकवायला त्या आठवड्यातून तीनदा जात. तिथे मध्येच उठावं लागू नये म्हणून त्या दिवशी सकाळचीही बंद. “हिशेब केला मी,” त्या म्हणाल्या. “सूज पायाला आहे, पडले तर माकडहाड मोडेल.”

केसपेपरवर अशा रुग्णाला ‘औषधं पाळत नाही’ असा शेरा मिळतो. हा शेरा मला आळशी वाटतो. बाईंचा हिशेब चोख होता, त्यांना दिलेल्या संख्या अपुऱ्या होत्या. दुसरी गोळी दुपारी घ्यायची आहे, बाहेर जायच्या दिवशी गोळी काही तास मागेपुढे करता येते, पायाला दिसणारं पाणीच पुढे छातीत साठतं, यातलं काहीच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न आला, “यातलं मुलाला किती सांगू?” बाई म्हणाल्या, “गोळीचं सांगा. पडल्याचं नको.” इथे डॉक्टर अडचणीत होत्या, कारण पडण्याचा धोका घराच्या मदतीशिवाय कमी होत नाही. त्यांनी गुपित ठेवायचं कबूल केलं, पण म्हणाल्या, “रात्रीचा दिवा, बाथरूममध्ये दांडी आणि पलंगाशेजारी कमोड हे मी तुमच्या वयाच्या सगळ्यांनाच सांगते, ते मी सांगणारच. पडल्याचं तुम्हीच त्याला सांगितलंत तर मला आवडेल.”

हृदयाबद्दल किती ऐकायचंय असं विचारल्यावर बाईंनी सरळ विचारलं, “किती वर्षं?” उत्तर वर्षांत देता आलं नाही, तसं सांगितलं, पण आजार बरा होणारा नाही, ताब्यात ठेवता येणारा आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्या खचल्या नाहीत. “मला वाटलंच होतं, मुलगा फार गोड बोलायला लागला होता,” एवढंच म्हणाल्या.

पिशवी

औषधशास्त्रज्ञाने सुनेला सांगितलं, घरात जी काही औषधं आहेत ती सगळी, कपाटातली, पर्समधली, मलमांसकट पिशवीत घालून आणा. पिशवीतून निघालं वेदनाशामक डायक्लोफेनॅकचं अर्धं पाकीट. गुडघ्यासाठी, ‘कधीतरी’, म्हणजे विचारत गेल्यावर दिवसाआड. या जातीची वेदनाशामकं अंगात पाणी धरून ठेवतात, लघवीच्या औषधाचा परिणाम दाबतात आणि किडनीला जड जातात. हृदय कमकुवत असलेल्यांनी ती टाळायची असतात. ओपीडीत प्रत्येक वेळी ‘अजून कोणती गोळी चालू आहे का’ असं विचारलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ होतं. कारण जी गोळी डॉक्टरांनी दिलेली नाही आणि रोज घेतली जात नाही, ती ‘चालू’ कशी?

बैठक

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बैठक झाली. बाई, मुलगा, सून, व्हिडिओ कॉलवर मुलगी; इकडून डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, औषधशास्त्रज्ञ. निवासी डॉक्टरांनाही बसवलं, कारण रात्री फोन त्यांनाच येतात.

सुरुवात डॉक्टरांनी स्वतःच्या माहितीने केली नाही. प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय? मुलगी म्हणाली, किडनी. मुलगा म्हणाला, सोडियम. सून काहीच बोलली नाही, तिला परत विचारल्यावर म्हणाली, “मी सांगितलं होतं तेव्हा कुणी ऐकलं नाही.” सिस्टरांनी ते मान्य केलं. माझ्या मते बैठकीचा सूर इथे बदलला. नंतरची समजावणी सोपी गेली ती यामुळे. मग कागदावर एकच साखळी काढली : गोळ्या कमी, सूज जास्त, डोस वाढ, रुग्णालयात पूर्ण डोस, पाणी आणि मीठ फार गेलं, रक्तदाब पडला, किडनीला रक्त कमी, मेंदू गोंधळला. तीन बातम्यांची एक बातमी झाली. ‘गोळ्या कमी’चं कारण बाईंनी, पडल्याचं वगळून, स्वतः सांगितलं, आणि मुलाकडे न बघता सांगितलं.

मुलगा दुखावला. “मला का नाही सांगितलंस?” याला बैठकीत उत्तर नव्हतं आणि डॉक्टरांनी ते शोधायचा प्रयत्नही केला नाही.

बाईंना काय टिकवायचंय, हे ठरवताना शिकवणीचे तीन दिवस मध्यभागी आले. वृद्धांच्या सेवेसाठी २०१७ पासून अमेरिकेत राबवल्या जाणाऱ्या ‘एज-फ्रेंडली हेल्थ सिस्टिम्स’ उपक्रमात चार गोष्टी पाहतात : रुग्णाला काय महत्त्वाचं, औषधं, मन-बुद्धी आणि हालचाल. बाकीच्या तिन्हींचे निर्णय पहिलीवरून सोपे होतात. फ्युरोसेमाइड पुन्हा ४० मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि दुपारी दोन. शिकवणीच्या दिवशी सकाळची गोळी परत आल्यावर. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. मूळ डोस पुरेसा आहे की नाही हे आजवर कुणी तपासलंच नव्हतं, कारण तो कधी पूर्ण घेतला गेलाच नव्हता.

शेवटी सिस्टरांनी विचारलं, “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. वजन वाढलं तर घरी काय करणार?” मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “एक गोळी जास्त द्यायची.” तसं सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं, की तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर फोन करायचा. पुन्हा सांगितलं, पुन्हा वदवून घेतलं. रुग्ण वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के लगेच विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं असतं, असं केसेल्स यांनी २००३ च्या आढाव्यात लिहिलं होतं. नातेवाइकांचं फार वेगळं नसावं. ‘समजलं ना?’ या प्रश्नाने यातलं काहीही बाहेर येत नाही.

बैठकीला पस्तीस मिनिटं लागली. एवढा वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न वॉर्डात येतोच. त्याआधीच्या तीन दिवसांतले मुलीचे फोन, मुलाच्या चौकश्या आणि सिस्टरांची टाळाटाळ यांचा वेळ कुणी मोजत नाही, तो आपोआप गेलेला असतो.

जे जमलं नाही

डिस्चार्ज कार्ड संगणकावरून निघालं आणि त्यावर फ्युरोसेमाइडपुढे छापून आलं : १-०-१. एवढं सगळं होऊन कागद जुनंच बोलत होता. औषधशास्त्रज्ञाने दोन दिवसांनी घरी फोन केला तेव्हा हे उघड झालं, बाईंनी स्वतःच सांगितलं, “कार्ड चूक आहे, मी दुपारीच घेतेय.” सगळेच रुग्ण गणिताचे शिक्षक नसतात.

घराशी बोलायला एकच माणूस, मुलगा, असं ठरलं होतं. त्याने बहिणीला निरोप द्यायचा होता. आठवडाभरात तो विसरू लागला, मुलगी पुन्हा थेट फोन करू लागली. त्यावर तोडगा म्हणून डॉक्टरांचा प्रत्येक निर्णय दोन ओळींत कौटुंबिक ग्रुपवर टाकायचं काम सुनेकडे गेलं. तेही बाईंना विचारून, कारण माहिती त्यांची होती. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं. ‘मुख्य नातेवाईक’ म्हणून केसपेपरवर सवयीने मुलाचं नाव लिहिलं गेलं, रोज उशाशी बसणारी सून होती.

सहा आठवड्यांनी फॉलोअपला बाई वजनाची वही घेऊन आल्या. सूज थोडी, धाप नाही, क्रिएटिनिन पूर्ववत. मूळ डोस पुरत होता. रात्रीचा दिवा आणि दांडी बसली होती, कमोड मात्र त्यांनी परत पाठवला. पडल्याचं मुलाला अजून सांगितलेलं नाही.

वॉर्डात भरतीच्या कागदावर तीन ओळी वाढल्या : चष्मा-मशीन सोबत आहे का, रुग्णाशी एकट्याने बोलणं झालं का, घरच्यांच्या मते रुग्ण नेहमीसारखा आहे का. पहिली आणि तिसरी भरली जाते. दुसरी बरेचदा रिकामी राहते, विशेषतः संध्याकाळच्या पाळीत. १-०-१ चा छापील रकाना संगणकात बदलून मिळेपर्यंत वृद्ध रुग्णांच्या कार्डावर औषधांच्या वेळा सिस्टर हाताने, घड्याळातल्या आकड्यांत लिहितात.